त्याचा, त्याची आणि आजीचा डोया

“काकू, ‘त्याचा’ म्हणताना तुमची जीभ दातांपाशी येते आणि ‘त्याची’ म्हणताना मागे जाते. असं का?”

लखनौहून नोकरीसाठी आलेल्या एका मुलीने मला हे विचारलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. कोथरूडमधल्या माझ्या घरी शनिवार-रविवारी सकाळी मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर हे काम सुरू केलं. येणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले, हिंजवडीला नाहीतर खराडीला कामाला. ही मुलगी चिंचवडला राहायची आणि आपण राहतो त्या गावाचं नाव तरी तिथल्या लोकांसारखं म्हणता यावं, एवढी तिची इच्छा होती. तिच्या तोंडी चिंचवडमधले दोन्ही ‘च’ सारखे यायचे, ‘चाय’मधल्यासारखे. आपण तसं म्हणत नाही. आपला पहिला ‘च’ तसा असतो, पण दुसरा ‘चूल’, ‘चाक’, ‘चुलत’ यांच्यातला. एवढी वर्षं ते नाव तोंडात असून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी मला उत्तर आलं नाही. “पुढच्या शनिवारी सांगते,” म्हणाले आणि आठवडाभर पोळ्या लाटताना एकटीच पुटपुटत राहिले. त्याचा, त्याची, त्याचे, त्याच्या. माझा, माझी, माझे, माझ्या. ज्या शब्दात जीभ दातांमागे टेकते तो एका बाजूला, ज्यात टाळूकडे जाते तो दुसऱ्या बाजूला, अशी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी केली. बुधवारी उलगडा झाला. ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांच्यापुढे ई, ए किंवा य आला की जीभ टाळूकडे सरकते. पुढे आ, ऊ, ओ असला किंवा काहीच नसला, तर आपल्या घरगुती शब्दांत ती दातांपाशी राहते. म्हणून चिंच म्हणताना पहिला तालव्य, शेवटचा दंत्य. चिंचा म्हटलं तरी तसंच. पण चिंचेचं सार म्हणा: पहिले दोन्ही तालव्य आणि तिसरा दंत्य. चवीइतकीच उच्चाराचीही मजा आहे त्यात.

त्यातही मला सगळ्यात आवडलं ते ‘त्याचे’ आणि ‘त्याचं’. ‘त्याचे मित्र’ म्हणताना च तालव्य असतो, कारण पुढे ए आहे. पुस्तकात ‘त्याचे घर’ असं छापलेलं आपण वाचतो तेव्हाही तालव्यच. पण बोलताना तेच ‘त्याचं घर’ होतं, ए जाऊन तिथे अ येतो आणि त्याच क्षणी च दंत्य होतो. शब्द तोच, अर्थ तोच, पण लिहिलेलं वाचताना एक च आणि बोलताना दुसरा. कुठल्याही आईने हे आपल्या मुलाला शिकवलेलं नाही. तरी तीन वर्षांचं पोर ‘माझं’ आणि ‘माझी’ यांतले दोन झ बिनचूक वेगळे काढतं.

शनिवारी हे सगळं मी तिला सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “मग ‘असा’ आणि ‘अशी’चं पण हेच आहे का?”

असा, तसा, कसा, जसा. अशी, तशी, कशी, जशी. पुढे ई आली की स चा श. म्हैस, पण म्हशी. इथे ‘च’सारखं लपलेलंही काही नाही, आपण लिहितोसुद्धा तसंच. मग मला ससा आठवला. ससा, सशाला. घसा, घशात. आरसा, आरशात. कोळसा, कोळशाचा. इथे ई कुठे आहे? इथे एक दडलेला य आहे. घोडा या शब्दाचं घोड्याला होतं, तसं ससाचं मुळात ‘सस्याला’ व्हायला हवं. तो य स ला टाळूकडे ओढून श करतो आणि स्वतः नाहीसा होतो. उलट ‘ऊस’ बघा. उसाला, उसाचा. तिथे श नाही, कारण ऊस हा काही आकारान्त शब्द नाही, त्याला य लागतच नाही. य असतो तिथेच श होतो आणि काम झालं की तो य निघून जातो. मला त्या रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

मात्र स आणि च अगदी एकसारखे वागत नाहीत. ‘त्याचे’मध्ये ए ने च बदलला, पण ‘असे’, ‘पैसे’, ‘मासे’ यांत स जागचा हलत नाही. त्याला ई किंवा य च लागतो. एकाच घरातल्या दोन भावांना एकच नियम, पण एक जरा लवकर ऐकतो, असं मी वर्गात सांगते.

हे फक्त आजच्या बोलण्यात घडतं असंही नाही. काही आठवड्यांनी तीच मुलगी म्हणाली, “आमच्याकडे सिंदूर, तुमच्याकडे शेंदूर. आमचं सीना, तुमचं शिवणं. आमचं सींचना, तुमचं शिंपणं.” बरोबर होतं. संस्कृत ‘सीमा’ची मराठीत ‘शीव’ झाली, तीही याच वाटेने. म्हणजे ‘कशी आहेस?’ विचारताना आपण जे करतो, तेच आपल्या खापरपणज्यांच्या पणज्यांनी शेंदराच्या बाबतीत करून ठेवलं होतं.

त्या वर्षी जूनमध्ये मी डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ सांगितलं की तो जिमखान्यावर नेतो. कॉलेज आहे येरवड्याला, बंडगार्डनच्या पुलापलीकडे. १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत याचं मूळ आहे आणि दगडी इमारत १८६८ची. टिळक तिथे शिकले, त्यांची खोली अजून जपलेली आहे. संस्कृतच्या महाकोशाचं काम तिथे १९४८पासून चालू आहे. भाषावैज्ञानिक अशोक केळकर तिथेच शिकवायचे. त्यांनी १९५८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. केली ती मराठीच्या स्वनव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर, म्हणजे तिच्या ध्वनींच्या आणि शब्दरूपांच्या रचनेवर. पुण्यात जन्मलेल्या माणसाने आपल्या घरातल्या बोलण्याकडे इतक्या बारकाईने पाहिलं होतं, आणि त्याच गावात साठ वर्षं राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या वर्गातली बाकीची मुलं माझ्या भाचरांच्या वयाची. पहिल्याच आठवड्यात ‘स्वनिम’ हा शब्द भेटला. तोंडातून निघतो तो प्रत्येक ध्वनी म्हणजे स्वन. पण ज्या फरकामुळे शब्दाचा अर्थ बदलतो, तो फरक धरून ठेवणारं एकक म्हणजे स्वनिम. मन आणि मण. काल आणि काळ. एकच ध्वनी बदलला आणि शब्द दुसरा झाला, म्हणजे मराठीत न आणि ण हे दोन स्वनिम, ल आणि ळ हेही दोन. हा विचार पक्का करणाऱ्यांपैकी एक निकोलाय त्रुबेत्स्कॉय. ते व्हिएन्नात १९३८ साली वारले आणि त्यांचं मोठं पुस्तक दुसऱ्या वर्षी निघालं. त्यांच्या आडनावात रशियन लोक जो ‘त्स’ म्हणतात, तो आपला ‘चूल’मधलाच च. हे कळल्यापासून ते मला नात्यातले वाटतात.

आता आपल्या च चं काय? त्याचा-त्याची बघून वाटेल की हा एकच च आहे आणि पुढच्या स्वराप्रमाणे रूप बदलतो. पण ‘जग मोठं आहे’ आणि ‘शंभर वर्षं जग’ हे म्हणून बघा. ‘चार गाई’ आणि ‘गाईला चारा चार’. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा. पुढचा स्वर तोच आहे, तरी उच्चार वेगळा आणि अर्थही वेगळा. म्हणजे हे दोन वेगळे स्वनिम आहेत आणि आपल्याकडे अक्षर मात्र एकच. कारण साधं आहे. अक्षरं आपण संस्कृतची घेतली आणि संस्कृतात च एकच होता, तालव्य. बालवाडीच्या भिंतीवरचा वर्णमालेचा तक्ता म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ, अशा ओळी लावलेल्या. त्या नकाशात ‘चूल’मधल्या च ला घर नाही. जग (दुनिया), जन, चंद्र हे शब्द संस्कृतातून आपला तालव्य उच्चार घेऊन आले. जॉब, चॉकलेट, चान्स इंग्रजीतून आले, तेही तालव्यच. ‘चार’ आला तो ‘चत्वारि’मधून. जुन्या मराठी कागदांत तो ‘च्यार’ असा लिहिलेला दिसतो. पुढे य लिहायचा बंद झाला, पण च त्याची आठवण धरून अजून टाळूशीच आहे.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी चेन्नईचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला यायला लागला. लखनौच्या मुलीला ज्या गोष्टी सोप्या, त्या याला अवघड, आणि याला सोप्या त्या तिला अवघड. ती ‘काळ’ला ‘काल’ म्हणायची, तो ळ असा सुरेख म्हणायचा की ऐकत राहावं. त्याच्या भाषेच्या नावातच ल नव्हता, टाळूला जीभ वळवून म्हणायचा ध्वनी होता. पण भाजी म्हणायला गेला की ‘बाजी’ व्हायची आणि खिडकीची ‘किडकी’. तमिळमध्ये महाप्राण, म्हणजे ख, घ, भ यांसारखे श्वासाच्या झोताने म्हणायचे ध्वनी, नाहीत. क आणि ग यांच्यासाठीही तिथे एकच अक्षर, शब्दाच्या सुरुवातीला ते क सारखं ऐकू येतं आणि अनुनासिकानंतर ग सारखं. त्याला आपले क, ख, ग, घ म्हणजे एका घरात राहणारी चार माणसं, आणि आपण त्यांना चार वेगळी दारं केलेली. मी त्याच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. ‘क’ला ती थोडी हलते, ‘ख’ला चांगली उडते. तीन आठवड्यांनी त्याचा ख जमला, त्या दिवशी त्याने आमच्या जिन्यातून उतरताना प्रत्येक पायरीवर “खिडकी, खिडकी” केलं.

वाचताना तो प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायचा. क-म-ळा-ला. आपण कमळ म्हणतो तेव्हा म मधला अ ऐकू येतो आणि ळ मधला गळतो. पण कमळाला म्हटलं की म मधला अ गळतो, ‘कम्ळाला’. वापर, पण ‘वाप्रा’. हेही लिपी सांगत नाही. लिपीने एक गोष्ट मात्र आपल्यासाठी खास केली आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना. दर्या आणि दऱ्या. र्य आणि ऱ्य. पहिल्यात र आधीच्या अक्षराला चिकटून त्यावर आघात येतो, दुसऱ्यात तो पुढच्या य बरोबर जातो आणि आधीचं अक्षर हलकं राहतं. एवढ्या फरकाने स्वयंपाकी आणि गुरू वेगळे होतात. हे वर्गात सांगताना मला अजूनही अंगावर शहारा येतो.

हे सगळं शिकत असताना डोक्यात सतत एक माणूस होतं, माझी आजी. आईची आई. अकोल्याजवळच्या एका खेड्यातली. आई लग्न होऊन पुण्यात आली आणि मी नऊ वर्षांची असताना आजी आमच्याकडे सहा महिने राहायला आली. ती डोळ्याला डोया म्हणायची, शाळेला शाया, काळ्या रंगाला काया, केळ्याला केयं. पाण्याला पानी. मला शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं होतं आणि शुद्ध-अशुद्ध हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार असायचे. मी तिला रोज संध्याकाळी बसवून म्हणायला लावायची, “आजी, डोया नाही. डोळा म्हण.” ती मान हलवून म्हणायचीसुद्धा.

एकदा घरी पाहुणे आले होते. आजी त्यांच्यासमोर नीट बोलायचा प्रयत्न करत होती. म्हणाली, “आता माझे पाळ दुखतात.” पाय. पायाचे तिने पाळ केले. नंतर गायीबद्दल सांगताना ‘गाळ’ म्हणाली. आम्ही मुलं हसलो आणि पाहुणेही हसले. आजी हसली नाही. त्यानंतर पाहुणे आले की ती आत जाऊन बसायची. पुढे ती पुण्याला फारशी आली नाही.

चुकीपलीकडची चूक, असं मला इतकी वर्षं वाटायचं. डेक्कन कॉलेजात एका दुपारी अतिशुद्धीचा पाठ चालू होता. आपल्या बोलीतला ध्वनी कमी प्रतीचा मानला जातो हे माणसाला कळलं की तो नियम उलटा लावतो, आणि जिथे बदलायचं कारण नाही तिथेही बदलतो. मी वही मिटली. आजीला मी शिकवलं होतं की तुझा य म्हणजे पुण्याचा ळ. तिने ते चोख पाळलं. तिच्या तोंडात डोया आणि पाय यांतला य एकच होता, तर डोयाचा डोळा होत असेल तेव्हा पायाचा पाळ का होऊ नये? पासष्टीच्या, शाळेत कधी न गेलेल्या बाईने चार दिवसांत नियम काढला आणि तो लावला. तेच मी कॅलेंडरच्या मागे लिहून आठवडाभर करत होते.

मग मला मामाची कॅसेट आठवली. १९८१ साली मामाने नवा टेपरेकॉर्डर घेतला आणि आजीला अंगणात बसवून बोलतं केलं होतं. विहीर, दुष्काळाची वर्षं, तिची स्वतःची आई. ती कॅसेट आमच्या कपाटात होती. शनिवार पेठेतल्या एका दुकानातून तिचं डिजिटल करून घेतलं आणि कानाला हेडफोन लावून मी शब्द न् शब्द उतरवून काढला. ळ च्या जागी य, सगळीकडे, एकही अपवाद नाही. पण ल कुठेही बदललेला नाही. काल कालच राहिला, गेला गेलाच राहिला, वेल वेलच. मराठीने ल आणि ळ यांच्यात जी भिंत घातली आहे, ती आजीने तशीच उभी ठेवली होती, फक्त भिंतीच्या पलीकडच्या खोलीला तिच्या गावात वेगळा रंग होता. माझ्या सोसायटीतली कितीतरी मुलं आज ‘शाला’ आणि ‘बाल’ म्हणतात. त्यांनी भिंतच काढून टाकली आहे आणि त्यांना कुणी हसत नाही. हसावं असं मला वाटतही नाही. भाषा अशीच चालते, आणि ल-ळ एक झालेल्या कितीतरी भाषांमध्ये लोक सुखाने बोलतात. पण मग आजीलाही हसायचं कारण नव्हतं.

वर्गात आता मी ‘अशुद्ध’ हा शब्द वापरत नाही. नागपूर-अमरावतीकडचं कुणी आलं की आधी त्याच्याकडून घरचे शब्द ऐकते, मग पुण्याचे सांगते, आणि दोन्ही वहीत शेजारी-शेजारी लिहायला लावते.

कॅसेटचं लिखाण गेल्या महिन्यात पूर्ण झालं. चौतीस पानं. डोया तिथे डोया लिहिलं, पानी तिथे पानी, काहीच दुरुस्त केलं नाही. माझी आई एकोणनव्वद वर्षांची आहे आणि माझ्याकडेच असते. मी तिच्या तोंडून वऱ्हाडी कधी ऐकली नव्हती, माहेरच्या माणसांशीसुद्धा ती पुण्याचंच बोलायची. परवा दुपारी तिच्या खाटेशी बसून मी पहिली दोन पानं वाचून दाखवली. विहिरीवरचा प्रसंग होता, दोर तुटून बादली आत पडते तो. मी जमेल तसं आजीसारखं वाचत होते. आई डोळे मिटून ऐकत होती.

मी थांबले तेव्हा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “हे तू कवा लिवलं? मले काऊन नाही सांगितलं?”